जुना बोर्ड आणि गाढ झोप

डहाणू-तलासरीच्या आश्रमशाळा, वसतिगृहं, ग्रामीण रुग्णालयं आणि जुन्या बंगल्यांत चालणारी निवासगृहं, या सगळ्या ठिकाणी विजेच्या जोडणीवर चालणारे, एकमेकांना जोडलेले स्मोक अलार्म बसवावेत असं म्हटलं की पहिला आक्षेप तयारच असतो. "वायरिंगच कुजलंय, त्यावर अलार्म कसला लावताय? आधी सगळं वायरिंग बदला, मग बघू." वायरमन हे म्हणतो, कंत्राटदार म्हणतो, अभियंताही म्हणतो. ऐकायला ते शहाणपणाचं वाटतं. मला ते घातक वाटतं. ज्या इमारतीचा बोर्ड जुना, तिला अलार्मची गरज इतरांपेक्षा आधी आहे. आणि "आधी वायरिंग" या अटीचा प्रत्यक्षातला अर्थ इतकाच होतो की वायरिंगचं अंदाजपत्रक मंजुरीला जातं, फाईल फिरत राहते, आणि तोवर मुलं त्याच बोर्डाखाली, अलार्मशिवाय झोपतात.

अशा इमारतीचा मेन बोर्ड एकदा जवळून पाहावा. लाकडी फळी, तिच्यावर लोखंडी खोक्यातला मेन स्विच, खाली चिनीमातीचे पाच-सहा कटआउट. त्यातल्या एकाची कड तपकिरी पडलेली. तो ओढून काढला की आत फ्यूजच्या बारीक तारेऐवजी जाड वायर सोलून काढलेले तांब्याचे दोन-तीन पदर पिळून घातलेले दिसतात. पावसाळ्यातल्या एखाद्या रात्री फ्यूज पुन्हा पुन्हा उडत होता, मुलं अंधारात ओरडत होती, म्हणून कुणीतरी ते घातले आणि ते तसेच राहिले. नीट बसवलेली फ्यूज तारसुद्धा तिच्या क्षमतेच्या जवळपास दुप्पट प्रवाह गेल्यावर वितळते. हे पिळलेले पदर तर भिंतीतल्या वायरीचं आवरण वितळलं तरी तग धरतात. वितळायची जागा बोर्डातून हलून भिंतीत गेलेली असते आणि तिथे कुणाचीच नजर पोहोचत नाही.

जुन्या पद्धतीत न्यूट्रललाही कटआउट असे. तो उडाला की दिवे बंद होतात, फेज मात्र जिवंत राहते. थ्री-फेज जोडणीत न्यूट्रलच सुटला तर भार कमी असलेल्या खोल्यांत २३० व्होल्टच्या जागी ४०० च्या दिशेने दाब चढतो. दिवे झगझगतात, चार्जर आणि टीव्ही जळतात. किनाऱ्यालगतच्या डहाणू, घोलवड, बोर्डीत खारी हवा त्यात भर घालते. जुन्या ॲल्युमिनियमच्या वायरीला नवी तांब्याची वायर नुसती पिळून जोडलेली असली की तो सांधा गंजतो, सैल होतो, आणि सैल सांधा तापतो. बोर्ड बसवला तेव्हा खोलीला एक दिवा आणि एक पंखा धरलेला होता. आता त्याच बोर्डावर पाण्याचा फिल्टर आहे, संगणक आहेत, कॅमेरे आहेत, इन्व्हर्टर आहे. एका सॉकेटवर दोन एक्स्टेंशन आणि त्यांवर रात्रभर चार्जिंगला लावलेले फोन आहेत. मीटरपर्यंत महावितरण आणि मीटरनंतर मालक, ही जबाबदारीची सीमारेषा. सरकारी इमारतीत हा मालक म्हणजे एका खात्याची इमारत, दुसऱ्या खात्याची देखभाल आणि तिसऱ्याच्या हाती निधी.

आता अलार्मकडे. त्याला लागणारी वीज मोबाईलच्या चार्जरपेक्षाही कमी. बोर्ड कितीही दमलेला असला तरी अलार्ममुळे त्याच्यावर भार वाढणार नाही. म्हणून "बोर्डाला झेपणार नाही" हे कारण तांत्रिकदृष्ट्या टिकत नाही. खरा प्रश्न वेगळा आहे: अशा बोर्डावरून अलार्मला भरवशाची वीज मिळेल का? मिळणार नाही. आग बोर्डातच लागली तर सगळ्यात आधी अलार्मचीच वीज जाईल. म्हणून नुसत्या विजेवर चालणारा अलार्म इथे बसवूच नये. विजेची जोडणी असावी, आत बॅटरीही असावी, आणि लाईट गेल्यावर तो बॅटरीवर चालतो की नाही हे मेन स्विच पाडून तपासलेलं असावं. पावसाळ्यात दिवसातून कितीदा लाईट जाते हे इथे राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. बॅटरी नसलेला अलार्म त्या प्रत्येक वेळी मुका होणार.

जोडणी कुठून घ्यावी हा बारीक वाटणारा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. लहान इमारतीत अलार्मसाठी अगदी वेगळी लाईन ओढली की काम नीटनेटकं दिसतं. पण त्या लाईनचा फ्यूज गेला तर कुणाला पत्ता लागणार? तीच जोडणी व्हरांड्याच्या किंवा जिन्याच्या दिव्याच्या लाईनवर घेतली, तर दिवा लागला नाही की संध्याकाळी कुणीतरी ओरडतंच आणि दुरुस्ती होते. मोठ्या वसतिगृहात किंवा रुग्णालयात मात्र स्वतंत्र पॅनेल हवं: चोवीस व्होल्टवर चालणारं, स्वतःच्या बॅटऱ्या असलेलं, मेनमधून वेगळ्या एमसीबीवर, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणाऱ्या स्विचवर, घेतलेलं. भारतीय मानक ब्यूरोची आयएस २१८९ ही संहिता याच कामासाठी आहे. ते पॅनेल साऱ्या इमारतीच्या एकाच आरसीसीबीमागे, म्हणजे विजेची गळती जाणवताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचमागे, मात्र लावू नये. जुन्या ओलसर भिंतींतून थोडी गळती असतेच. जूनच्या पहिल्या सरींबरोबर आरसीसीबी पडेल, अलार्म बॅटरीवर जाऊन टीं टीं करत राहील, आणि चौथ्या दिवशी कुणीतरी स्टुलावर चढून तो काढून कपाटात ठेवील. यंत्रणा बंद पडण्याचं सर्वांत नेहमीचं कारण हेच असतं. यंत्र बिघडत नाही, माणसं त्याला कंटाळतात.

या दुर्लक्षाची महाराष्ट्राने २०२१ साली फार मोठी किंमत मोजली. ९ जानेवारीच्या मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात आग लागली. १७ बाळांपैकी ७ वाचली, १० गेली, आणि त्यांतली बहुतेक भाजून नव्हे तर गुदमरून गेली. २३ एप्रिलला पहाटे तीनच्या सुमारास आपल्याच पालघर जिल्ह्यात, विरारच्या विजय वल्लभ रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात एसीपासून आग लागली आणि त्या पहाटे १३ रुग्ण मेले. ६ नोव्हेंबरला तेव्हाच्या अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात तेच घडलं, ११ जण गेले. नगरचा तो कक्ष कोविडसाठी नव्याने बांधलेला होता. म्हणजे इमारतीचं वय हा एकच निकष धरून चालणार नाही. तारा नव्या असल्या तरी भार कुणी मोजलेला नसतो, आणि आगीच्या पहिल्या पाच मिनिटांत कुणाला काय कळतं यावरच पुढचं सगळं ठरतं. यांतल्या दोन घटना झोपेच्या वेळी घडल्या आणि तिन्ही ठिकाणचे बळी स्वतःच्या पायांनी बाहेर पडू शकत नव्हते.

झोपलेल्या माणसाला धुराच्या वासाने जाग येते, हा समज आपल्या मनात पक्का बसलेला आहे. तो चुकीचा आहे. झोपेत नाक जवळपास काम करत नाही आणि धुरातला कार्बन मोनॉक्साइड झोप आणखी गाढ करतो. अमेरिकेतल्या राष्ट्रीय अग्निसुरक्षा संघटनेचे अहवाल वर्षानुवर्षं हेच सांगतात की घरातल्या आगीत मरणाऱ्यांपैकी साधारण पाचांतले तीन अशा घरांत मरतात जिथे अलार्म नव्हता किंवा असून चालत नव्हता. चालत नव्हता, याचं मुख्य कारण काढून ठेवलेली, सुटलेली किंवा संपलेली बॅटरी. म्हणूनच तिकडे विजेच्या जोडणीचा आग्रह आला. वीज हा मुख्य पुरवठा, बॅटरी हा आधार, आणि एक वाजला की सगळे वाजणार.

हे "सगळे वाजणार" आश्रमशाळेसाठी जीवनमरणाचं आहे. लहान मुलं अलार्मच्या कर्कश, उंच सुरातल्या आवाजाने बहुधा उठतच नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी झोपलेल्या मुलांवर प्रयोग करून हे दाखवलं आहे. ५२० हर्ट्झच्या आसपासचा खालच्या पट्टीतला आवाज त्यांना जास्त जागं करतो. पण त्यावरही सर्वस्वी विसंबता येणार नाही. म्हणजे मुलींच्या दालनात धूर झाला तर अलार्म तिथे वाजून भागणार नाही. तो अधीक्षिकेच्या खोलीत वाजला पाहिजे, कामाठ्याच्या खोलीत वाजला पाहिजे, शेजारच्या दालनातल्या मोठ्या मुलींपर्यंत पोहोचला पाहिजे. छताला चिकटवलेला सुटा अलार्म हे करू शकत नाही. वायरने किंवा रेडिओलहरींनी एकमेकांना जोडलेली यंत्रणा हे करू शकते. अलार्म बसवताना आणखी एक प्रश्न विचारायचा तो कुलपाचा. मुलींच्या सुरक्षेसाठी रात्री दालनाला बाहेरून कुलूप लावायची पद्धत कुठे असेल, तर आधी ती मोडावी. किल्ली अधीक्षिकेच्या उशाखाली आणि खिडक्यांना लोखंडी गज अशा खोलीत अलार्म वाजला, तर मुलींना फक्त आपण अडकलो आहोत एवढंच कळेल. आतून उघडणारी कडी, एखादी उघडणारी जाळी, हे अलार्मच्याच कामाचा भाग समजून त्याच अंदाजपत्रकात घालावं.

सगळ्या घरांवर हीच सक्ती करावी असं मी म्हणत नाही. कारवीच्या कुडाचं वारली घर, एक दिवा, दिवसभर पेटती चूल, छपराच्या फटींतून निघून जाणारा धूर आणि अंथरुणापासून चार पावलांवर दार. तिथे स्मोक अलार्म दिवसातून दहा वेळा वाजेल आणि दुसऱ्याच दिवशी खाली उतरवला जाईल. त्या घराला गरज आहे ती नीट अर्थिंगची आणि एका चांगल्या एमसीबीची. उलट घोलवड-बोर्डीच्या चिकूवाड्यांमधले जुने इराणी-पारशी बंगले पाहा. लाकडी माळा, लाकडी जिना, तुळयांवरून नेलेली पट्टीवरची वायर. यांतले काही बंगले आता पर्यटकांना राहायला दिले जातात. तिथे झोपलेल्या पाहुण्याला जिना कुठे आणि मागचं दार कुठे हे अंधारात ठाऊक नसतं. खोलीचे पैसे घेणाऱ्या मालकाकडून जोडलेले अलार्म मागण्यात काहीच जाचक नाही.

माझा निकष एवढाच: जिथे माणसं दुसऱ्याच्या भरवशावर झोपतात आणि आपण होऊन बाहेर पडू शकत नाहीत, तिथे आधी. आश्रमशाळेची दालनं, प्रसूती कक्ष, शिशू कक्ष, मग निवासगृहं.

कायदा नाही असंही नाही. तमिळनाडूतल्या कुंभकोणमच्या शाळेत १६ जुलै २००४ रोजी ९४ मुलं जळून मेली. त्यानंतरच्या अविनाश मेहरोत्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००९ रोजी देशातल्या शाळांसाठी अग्निसुरक्षेचे आदेश दिले. महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ चा आहे. त्यात मालकाने दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र द्यायचं असतं. पण या सगळ्याचं रूपांतर बहुतेक ठिकाणी भिंतीवरच्या लाल सिलिंडरात झालं. सिलिंडर हा जागा असलेल्या, धीर असलेल्या आणि तो वापरायला शिकलेल्या माणसासाठी असतो. चौथीतल्या झोपलेल्या मुलीला त्याचा काय उपयोग?

"आधी पूर्ण वायरिंग" म्हणणाऱ्यांना मी स्कॉटलंडचं उदाहरण देतो. तिथे १ फेब्रुवारी २०२२ पासून प्रत्येक घरात, जुन्यातल्या जुन्या दगडी इमारतीतसुद्धा, एकमेकांना जोडलेले अलार्म असणं बंधनकारक झालं. मात्र पर्याय दोन ठेवले: विजेच्या जोडणीचा अलार्म, किंवा सीलबंद दीर्घायुषी बॅटरीचा, रेडिओने जोडलेला. म्हणजे भिंती फोडणं जमत नसेल तर दुसरा मार्ग घ्या, पण आज बसवा. आपल्याकडेही हाच क्रम हवा. येत्या महिन्यात सीलबंद बॅटरीचे, रेडिओने जोडलेले अलार्म झोपायच्या दालनांत लावावेत. बोर्ड बदलला की विजेच्या जोडणीचे लावावेत आणि बॅटरीचे काढून सामानाच्या खोलीत, संगणक कक्षात हलवावेत. यात पैसा वाया जात नाही. साध्या बॅटरीच्या अलार्मची किंमत छताच्या पंख्यापेक्षा फार वेगळी नसते. जोडलेल्याला जास्त पडते, पण तो खर्च कुठल्याही आश्रमशाळेच्या आवाक्याबाहेरचा नाही.

इथे एक प्रामाणिक अडचण मान्य करायला हवी. अलार्म बसला की बोर्डाचं काम मागे पडेल, "आता सोय झालीच आहे" म्हणून फाईल आणखी झोपेल, ही भीती खरी आहे. तिच्यावर माझा उपाय असा की अलार्मच्या मंजुरीच्या कागदावरच बोर्डाची आजची स्थिती लिहून घ्यावी: कटआउट किती, त्यांत कोणती तार, अर्थिंगचं मोजमाप काय, एकूण भार किती, आणि बोर्ड बदलण्याची तारीख. त्याखाली अधीक्षकाची, मुख्याध्यापकाची आणि सार्वजनिक बांधकाम विभागाच्या विद्युत शाखेची सही. लिहिलेली गोष्ट नाकारता येत नाही. भंडाऱ्यासारखी चौकशी बसते तेव्हा पहिला प्रश्न हाच असतो की हे कुणाला माहीत होतं.

या भागाला इशाऱ्यांचं मोल शिकवायची गरज नाही. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या परिसरात भूकंपाचे धक्के सुरू झाले, ते थांबायचं नाव घेईनात. डहाणू-तलासरीची कुटुंबं थंडीत घराबाहेर तंबूत झोपली. भूकंपमापक बसवा, तंबू द्या, शाळांच्या भिंती तपासा, अशी मागणी लोकांनी लावून धरली. भिंतींना तडे गेले ते दिसले, म्हणून त्यांची पाहणी झाली. पण ज्या भिंतीला तडा जातो तिच्या आतला पाइप आणि त्यातला वायरीचा सांधाही हलतो. बोर्डातले सैल स्क्रू शेकडो लहान धक्क्यांनी घट्ट होत नाहीत. तड्यांच्या पाहणीबरोबर बोर्डाची पाहणीही व्हायला हवी. शिवाय भूकंप स्वतःच जागं करतो, भांडी वाजतात, खाट हलते. धूर आवाज करत नाही.

आणि डहाणूने तर धुराविरुद्धच देशातला एक मोठा लढा दिला आहे. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने हा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण आलं. त्याने इथल्या ५०० मेगावॉटच्या औष्णिक वीज केंद्राला धुरातलं गंधक काढणारी यंत्रणा बसवायला लावलं, त्यासाठी कंपनीकडून ३०० कोटींची बँक हमी घेतली. चिकूच्या मोहरावर आणि माणसांच्या फुप्फुसांवर चिमणीचा धूर येऊ नये म्हणून इथल्या लोकांनी वर्षानुवर्षं तारखा केल्या, सुनावण्यांना हजर राहिले. त्या केंद्राची वीज मुंबईच्या उपनगरांत जाते. इथल्या पाड्यावरच्या मुलीच्या वाट्याला येतो तो लाकडी फळीवरचा कटआउट. हे मला सहन होत नाही. ज्या तालुक्याने एवढ्या मोठ्या कंपनीला झुकवलं, त्याने एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे प्रत्येक दालनासाठी अलार्म मागणं काही अवघड नाही. ग्रामसभेच्या ठरावात ही मागणी घालता येते, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत पालकांना ती मांडता येते. मुलाला सोडायला आलेल्या बापाने "रात्री आग लागली तर पोरांना कोण उठवणार?" एवढं विचारलं तरी सुरुवात होते.

देखभालीचा मुद्दा थोडक्यात. स्वयंपाकघरात धुराचा नव्हे, उष्णतेचा डिटेक्टर लावावा, म्हणजे फोडणीला अलार्म वाजणार नाही. डासांसाठी दालनात कडुनिंबाचा पाला जाळायची सवय सोडून जाळ्या लावाव्यात. अलार्मच्या जाळीत कोळ्याचं जाळं होतं, किडे शिरतात, म्हणून पावसाळा संपला की मऊ ब्रशने साफ करावं. महिन्यातून एकदा टेस्टचं बटण दाबावं, आणि ते काम आठवी-नववीच्या मुलांकडे द्यावं. ती विसरत नाहीत.

बोर्डाचं काम मे महिन्यात करावं, वसतिगृह रिकामं असतं तेव्हा. कटआउट जाऊन एमसीबी आणि प्रत्येक मजल्याला स्वतंत्र आरसीसीबी, न्यूट्रलची पट्टी नीट, अर्थिंगचा खड्डा नवा, ॲल्युमिनियमच्या लाईनी शक्य तितक्या बदललेल्या. जूनमध्ये मुलं परतली की पहिल्याच आठवड्यात चाचणी घ्यावी, आणि ती दिवसा, सगळे अंगणात उभे असताना नको. रात्री एकच्या सुमारास, फक्त मुख्याध्यापकांना सांगून, एका दालनातला अलार्म वाजवावा. अधीक्षिका किती वेळात आल्या, किल्ली सापडली का, पहिलीतल्या किती मुली झोपूनच राहिल्या, त्यांना कुणी उचललं, हे सगळं घड्याळ लावून वहीत लिहावं. ज्या मुली झोपून राहिल्या त्यांच्या अंथरुणांच्या जागा दुसऱ्या दिवशी दाराजवळ, मोठ्या मुलींच्या शेजारी हलवाव्यात, खालच्या पट्टीतला भोंगा त्या भिंतीवर आणावा, आणि पंधरा दिवसांनी तीच चाचणी पुन्हा घ्यावी.